अकराच्या फेरीतला एकटा प्रवासी

इब्रामपूरहून डिचोलीला येणारी सकाळी अकराची बस मी बंद केली. बस माझी नव्हती, चालवणारा माझा कुणी लागत नव्हता, तरी बंद मीच केली, आणि तीही डिचोलीच्या बाजारात कौलांच्या दुकानावरच्या खोलीत, पंख्याखाली बसून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वर आणखी एक गोष्ट अशी की त्याच बसने रोज इब्रामपूरहून आई माझा जेवणाचा डबा पाठवायची. आठवडाभरात आमच्या दोघींमध्ये जी काही ये-जा होती, ती तेवढीच.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी पुण्यात तीन वर्षं नोकरी करून परत आले होते. येताना तिथल्या कंपनीने मोडीत काढलेला एक संगणक, त्याचा कर्कश प्रिंटर आणि डोक्यात भरपूर हवा असं सामान बरोबर होतं. माझी कल्पना सोपी होती. आपल्याकडे प्रत्येक धंदेवाल्याकडे कागदांचे ढीग असतात. कुठला ट्रक किती वेळा बिघडला, कुठल्या दिवशी बर्फाच्या किती लाद्या गेल्या. हे कागद तो वर्षभर जपतो आणि मग उंदीर खातात. ते कागद माझ्याकडे आणा, मी त्यातून तुम्हाला तुमचाच धंदा दाखवते, असं मी सांगत फिरायचे. पाटी इंग्रजीत लावली. मराठीत लावली असती तर एक बाजू नाराज झाली असती, कोकणीत लावली तर दुसरी. भाषेचा कायदा झाला होता, पण चहाच्या दुकानांतलं भांडण अजून मिटलं नव्हतं.

पहिले दोन महिने लोक आले ते पत्रिका काढून मिळेल का विचारायला. एका गृहस्थांनी मुलीचं लग्न कधी जमेल ते यंत्राला विचारा म्हणून सांगितलं. तुमचं झालं का, असंही पुढे विचारलं. मी सत्तावीस वर्षांची होते, एकटी राहत होते, आणि खोलीत एकटीच यंत्रासमोर बसायचे. एवढ्या भांडवलावर डिचोलीच्या बाजाराने माझ्याबद्दल काय काय रचलं असेल ते मी कधी विचारलं नाही. बोलायला कुणी नव्हतं हे खरं. सोमवारी सकाळच्या बसने यायचं, शनिवारी संध्याकाळी घरी जायचं, आणि मधल्या दिवसांत खाली चहावाल्याशी चार वाक्यं. खाणीचे ट्रक दिवसभर रस्त्यावरून जायचे. त्यांची लाल धूळ कळफलकाच्या फटींत बसायची. आईने जुन्या लुगड्याचं एक आच्छादन शिवून दिलं होतं, ते मी संध्याकाळी यंत्रावर घालायचे. मी फार एकटी होते. हे त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

आई घरी एकटी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले आणि मला भावंडं नाहीत. मी खाणावळीत जेवेन म्हणून सांगून पाहिलं, पण ती ऐकणारी नव्हती. सकाळी स्वयंपाक करून, डबा फडक्यात बांधून ती साडेदहालाच स्टॉपवर जाऊन बसायची. तिथून कंडक्टर तो डबा आणायचा आणि माझ्या खोलीखालच्या चहाच्या दुकानात ठेवायचा. एक वाजता मी खाली जाऊन घ्यायचे. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, श्रावणात अळसांद्याची भाजी, बाटलीत सोलांची कढी. फडक्याची गाठ घट्ट असली की समजायचं, बाईसाहेब कशावरून तरी चिडल्या आहेत. संध्याकाळच्या बसने रिकामा डबा परत जायचा. त्यावरून ती मला रविवारी बोलायची.

"रितो डबो धाडूं नये गो. साखरेची चिमूट तरी घाल."

"डिचोलेंतल्यान तुका साखर धाडूं? घरांत साखर ना?"

"साखरेची गजाल न्हय ती," ती म्हणायची, आणि मी हसायचे. साखर काही मी कधी घातली नाही.

आमच्याकडची पद्धत अशी की बसमधून जाणाऱ्या डब्याला कुणी तिकीट काढत नाही. भांड्याला कसलं तिकीट? कंडक्टर डबा नेतो, आणि आंब्याच्या दिवसांत त्याच्या घरी आंबे पोचतात, चतुर्थीला नेवऱ्या पोचतात. हे कुठे लिहिलेलं नाही आणि कुणी मोडतही नाही. मी इथलीच, मलाही ते माहीत होतं. इतकं माहीत होतं की त्याचा मी विचारच केला नाही.

तिसऱ्या महिन्यात खराखुरा ग्राहक जिना चढून आला. हे शेट आधी खाणीवर ट्रक चालवायला देत, नंतर त्यांनी तीन बसगाड्या घेतल्या होत्या. हिशेबी माणूस, त्या काळी खासगी बसमध्ये तिकीट फाडून देणारे विरळाच, पण यांचे कंडक्टर प्रत्येकाला तिकीट देत आणि दर फेरीला एक कागद भरत. कुठल्या रंगाची किती तिकिटं गेली, ते त्यात असे. त्याला वेबिल म्हणत. तिकिटाचा रंग अंतराप्रमाणे. जवळच्याला पांढरं, मधल्याला पिवळं, आणि इब्रामपूर ते डिचोली पूर्ण प्रवासाला गुलाबी.

शेटनी वेबिलांचं एक पोतं माझ्या टेबलाशेजारी टेकवलं. त्यांना म्हापशाच्या बाजारासाठी सकाळची एक फेरी सुरू करायची होती आणि चौथी बस घ्यायची नव्हती, म्हणजे चालू फेऱ्यांतली एक बंद करावी लागणार होती. "खंयची फेरी काडूं तें तुजें मशीन सांगता काय, बाय?"

"सांगता," मी म्हटलं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की मशीन त्यांचं भविष्यसुद्धा सांगेल असं मी कबूल केलं असतं.

मी ती वेबिलं यंत्रात भरायला लागले. रोज नवी वेबिलंही येत होती. त्या रविवारी घरी आई सोलं वाळत घालत होती आणि मी फुशारकीने सगळं सांगत बसले.

"मशीनाक कोंकणी कळटा काय मराठी?" तिने विचारलं.

"इंग्लीश."

"म्हळ्यार कोणाचेंच आयकना."

मी तिला समजावलं की बसमध्ये कोण बसलं, कुठे उतरलं, हे सगळं आता माझ्या यंत्रात दिसतं. प्रत्येक तिकीट मी स्वतः मोजते.

"आनी तिकीट नासल्यार?" तिकीटच नसलं तर, असं तिने विचारलं.

"नासल्यार ना. तिकीट ना तो मशीनाक दिसना."

"आनी तुका?"

"माका खंयच्यान दिसतलो? हांव डिचोलेंत बसतां."

ती सोलं पालथी करत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही.

चार-पाच महिने मी त्या पोत्यात बुडाले होते. दिवस, फेरी, रंग, आकडा. दिवस, फेरी, रंग, आकडा. या कामात एक वेळ अशी येते की आकड्यांना चेहरे फुटतात. सकाळी सहाच्या फेरीत पिवळ्या तिकिटांची गर्दी असायची, ती खाणीवर जाणारी माणसं. संध्याकाळी तीच परत. अकराची फेरी मात्र ओसाड. दोन-चार पांढरी, क्वचित पिवळं. आणि एक गुलाबी.

हे गुलाबी तिकीट आधी कधी नव्हतं. एका सोमवारपासून ते सुरू झालं आणि मग रोज दिसायला लागलं. इब्रामपूरहून थेट डिचोलीपर्यंत येणारा एकच माणूस. त्या फेरीला एवढ्या लांब कुणी येत नसे, म्हणून तो उठून दिसायचा. मला त्याची सवय झाली. वेबिल उलगडलं की मी आधी त्याला शोधायचे. तो असला की बरं वाटायचं. कोण असेल, याचे मी नाना तर्क केले. कोर्टात खेटे घालणारा कुणी म्हातारा, नाहीतर इस्पितळात कुणाला तरी पाहायला येणारी बाई. रिकाम्या बसमध्ये खिडकीशी एकटंच बसून येणारं ते माणूस मला जवळचं वाटायचं. त्या गावात माझ्यासारखं आणखी कुणीतरी एकटं आहे, एवढाच माझा स्वार्थ.

साडेबाराला ती बस स्टँडवर लागायची. स्टँड माझ्या जनेलातून दिसत नसे, वळणाच्या पलीकडे होता. खाली उतरून तिथे जायला चार मिनिटं लागली असती. मनात एक-दोनदा आलं, पण आकडे भरायचे राहिले होते.

अहवाल तयार झाला तेव्हा उत्तर अगदी स्वच्छ होतं. बंद करायची तर अकराचीच फेरी बंद करावी. मला डबा आठवला नाही असं नाही. आठवला. त्या बसने आणखी दोन-चार डबे येत असतील तेही मनात आलं. पण स्वतःच्या पोटासाठी ग्राहकाला खोटा सल्ला द्यायचा, तर मग धंदा कशाला काढला? उलट मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटला. पाहा, मी माझ्या डब्यालाही सूट दिली नाही! शेटना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून प्रिंटरच्या कागदांबरोबर मी मराठीत एक पान हाताने लिहून दिलं. खाली कार्बन घालून एक प्रत स्वतःला ठेवली.

त्या रविवारी मी आईला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून अकराची बस बंद होणार, आता डबा नको.

ती तांदूळ निवडत होती. "तुज्या मशीनान सांगलें?"

"हय."

"सगळीं तिकिटां मोजलीं?"

"सगळीं."

"एकूय सोडूंक ना?"

"एकूय ना," मी म्हटलं. कामाच्या बाबतीत कुणी शंका घेतली की माझा आवाज चढतो, तसा चढला.

"बरें," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

बस बंद झाल्यावर चौथ्या दिवशी कंडक्टर माझ्या खोलीवर आला. मध्यम वयाचा, शांत माणूस. खुर्ची दिली तरी बसला नाही. त्याने विचारलं, "बाय, तूं केन्ना त्या बशीन येयल्लें?"

मी कधीच आले नव्हते. माझं येणं-जाणं सकाळ-संध्याकाळचं.

मग त्याने सांगितलं. अकराच्या बसमध्ये माणसं नसत, पण मागची सगळी बाकं डब्यांनी भरलेली असत. आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावांतले आणि सीमेपलीकडून येऊन तिथे राहिलेले खाणीवरचे लोक पहाटे निघत तेव्हा घरात चूल पेटलेली नसे. त्यांचं जेवण अकराच्या बसने येई आणि खाणीच्या फाटकावर उतरे. चाळीसेक डबे. कुठला कुणाचा ते तो फडक्याच्या रंगावरून ओळखायचा. ती बस डब्यांचीच होती, आणि माझ्या कोष्टकात ती रिकामी धावत होती.

मी तशीच उठून शेटकडे गेले. माझं चुकलं म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते हसले. म्हापशाची फेरी तुडुंब चालली होती. "तुजें मशीन चुकना, बाय. तूं चुकता," ते म्हणाले, आणि मला सरबत पाजून परत पाठवलं. माझा अहवाल त्यांनी ऑफिसात भिंतीवर टाचून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पुढचे चार ग्राहक मला त्या भिंतीने मिळवून दिले, हेही इथे सांगायला हवं.

खाणीवरची माणसं माझ्यावर अवलंबून नव्हती. त्यांनी पंधरा दिवसांत एक टेम्पोवाला ठरवला आणि डबे पुन्हा फाटकावर पोचू लागले. टेम्पो तिथूनच मागे फिरायचा, बाजारात यायचा नाही. म्हणजे त्या सगळ्या डब्यांतला एकच डबा कायमचा बंद झाला. तो माझा.

मी खाणावळीत जेवायला लागले. पहिले काही दिवस एक वाजला की पाय आपोआप चहाच्या दुकानाकडे वळायचे. चहावाला म्हणायचा, "ना गो बाय आज," जणू उद्या येणार होता. मग सवय झाली. काम वाढलं. बर्फाचा कारखाना आला, दुधाची सोसायटी आली, नदीतून खनिज नेणारे बार्जवाले आले. दुसरं यंत्र घेतलं. दर शनिवारी घरी जाणं पंधरा दिवसांवर गेलं. आता मी कुठल्याही कामाआधी जागेवर जाऊन पाहून यायचे, आणि लोक माझं त्याबद्दल कौतुक करायचे. आईला मात्र मी नीट पाहिलं नाही. सकाळी स्वयंपाक करणं तिने सोडलं होतं. एकटीसाठी काय चूल पेटवायची, म्हणून आदल्या दिवशीचा भात ताकात कालवून खायची. स्टॉपवर जाऊन बसण्याचं कारण उरलं नव्हतं, म्हणून जायचीही नाही. मी आले की गोडधोड करायची, भरपूर वाढायची, आणि माझ्या कामाबद्दल काहीही विचारायची नाही. पूर्वी खोदून खोदून विचारायची. मला वाटलं, सुटले.

चौथ्या वर्षी ती गेली. आजार थोड्या दिवसांचा होता.

दिवसकार्य चालू असताना घर आवरायला घेतलं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर माझा डबा होता, तोच, कडीवर पोचा आलेला. शेवटच्या दिवशी मी नेहमीसारखा रिकामा परत पाठवला होता. उचलला तर आत काहीतरी सरकलं. उघडून पाहिलं, तर तिकिटं. एकावर एक नीट रचून दोऱ्याने बांधलेली गुलाबी तिकिटं. आई तर महिनोन्‌महिने गावाबाहेर पडायची नाही. डिचोलीला आली होती ती एकदाच, माझ्या खोलीच्या पूजेला. एवढी तिकिटं तिच्याकडे कुठून आली ते मला कळेना.

बाराव्याला कंडक्टर आला. म्हातारा दिसायला लागला होता. जेवण झाल्यावर मी डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तिकिटांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हीं हांवेंच दिल्लीं."

"कोणाक?"

"वयनीक. तुज्या आवयक. डब्याचें तिकीट काडताली ती. हांवें कितलेंशें सांगलें, वयनी, डब्याक कसलें तिकीट? आयकना. म्हणटाली, म्हजें चेडूं थंय बसून तिकिटां मोजता. तिकीट नासल्यार ताका दिसना म्हणटा. म्हजें एक आसूं दी तातूंत. दिसतलें ताका."

तो आणखी काही बोलत होता. माझ्या कानात शिरलं नाही.

डिचोलीला परत आल्यावर मी जुन्या फ्लॉप्या काढल्या. एवढ्या दिवसांनी त्या वाचता येतील अशी खात्री नव्हती, पण यंत्राने वाचल्या. अकराच्या फेरीची यादी पडद्यावर आली. सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज एक गुलाबी. रविवारी नाही, रविवारी मी घरी असायचे. चतुर्थीचे पाच दिवस नाही. मध्ये सहा दिवस सलग नाही. त्या आठवड्यात मी ताप आला म्हणून इब्रामपूरला होते आणि ती माझ्या उशाशी बसून होती. हे सगळं माझ्या समोर होतं. मी स्वतः टंकलं होतं. रोज वेबिल उलगडून मी सगळ्यात आधी तिलाच शोधत होते, आणि सापडली की मला बरं वाटत होतं.

मग ती कार्बन प्रत शोधली. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर स्पष्ट होतं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं:

'या फेरीला इब्रामपूर ते डिचोली असा एकच कायमचा प्रवासी आढळतो. एका प्रवाशाकरिता फेरी चालू ठेवणे योग्य नाही. त्याने आपली दुसरी सोय पाहावी.'

खाली माझी सही होती.